वेढ्यांचा हिशेब

जळालेली मोटर दुकानात आली की दाजी आधी वाकून तिचा वास घ्यायचे. करपलेल्या वार्निशच्या वासावरून त्यांना अंदाज यायचा, व्होल्टेज कमी पडून जळली की पाण्याविना कोरडी फिरली. मग जुनी तार कापून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद घालायचा आणि तांब्याच्या नव्या तारेची कॉइल गुंडाळायला घ्यायची. प्रत्येक कॉइलला ठरलेले वेढे. ते कमीजास्त झाले तर मोटर तापते, गुणगुणते, पुन्हा दुकानात येते. साताऱ्यातल्या त्यांच्या दुकानात रेडिओ चालू असायचा, उसाला पाणी देणारे शेतकरी रात्रीच्या लाईटीची रड सांगत बसलेले असायचे. दाजी त्यांना हं-हं करत तार गुंडाळत राहायचे. मोजणी आत कुठेतरी आपोआप चाललेली असायची. ताई म्हणायची, ह्यांच्या डोक्यात मीटर बसवलाय.

2023 च्या फेब्रुवारीत एका रात्री नागठाण्याजवळ टेम्पोने त्यांच्या दुचाकीला मागून उडवलं. दाजी तेव्हा चौतीस वर्षांचे होते.

या लेखाचा विषय वकील शोधणं हा आहे. पण मेंदूला मार लागल्यानंतर वकील शोधणं आणि जमिनीच्या वादात वकील शोधणं यांत फरक काय, ते कळायला आधी दवाखान्यातले ते दिवस सांगावे लागतात.

दवाखान्यात पोहोचले तेव्हा दाजींचा ग्लासगो कोमा स्केलवरचा आकडा सहा होता. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 साली ही मोजपट्टी तयार केली. डोळे उघडतात का, बोलतो का, सांगितल्यावर हात हलवतो का, याचे गुण. पूर्ण शुद्धीतल्या माणसाला पंधरा, काहीच प्रतिसाद नसलेल्याला तीन. आठ किंवा त्याखाली म्हणजे मार गंभीर. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा एक तुकडा काढून पोटाच्या त्वचेखाली ठेवला. ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ‘‘हाड पोटात ठेवलंय, तीन महिन्यांनी परत बसवणार.’’ घशाला भोक पाडून नळी, नाकातून नळी. या सगळ्यात ताई सही करत होती. संमतीपत्र, औषधांची यादी, पुन्हा संमतीपत्र. तिने त्या दिवसांत किती कागदांवर सह्या केल्या हे तिला आजही सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी आयसीयूबाहेरच्या बाकावर एक माणूस तिच्याशेजारी येऊन बसला. हळहळ व्यक्त केली, चहा आणून दिला. मग पिशवीतून छापील वकालतनामा काढला आणि शाईचा पॅडही. ‘‘वहिनी, आत्ता एक रुपया द्यायचा नाही. निकाल लागला की तीस टक्के. पेशंटचा अंगठा मी सिस्टरांना सांगून घेतो.’’

ताईने मला पुण्याला फोन केला. ‘‘अगं, फुकट करतायत म्हणे. करू का सही?’’

मी नको म्हणाले. पण तेव्हा मला कायदा माहीत नव्हता, फक्त त्या शाईच्या पॅडची भीती वाटली होती. नंतर या विषयावर महिनोन् महिने वाचत गेले, साताऱ्याच्या आणि पुण्याच्या न्यायालयांत वकिलांशी, कारकुनांशी बोलत गेले, तेव्हा त्या बाकावर किती गोष्टी एकदम चुकीच्या घडत होत्या ते कळलं. वकिलाने दलाल पाठवून काम मिळवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी बंदी केलेली आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायलाही बंदी आहे. 2017 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्यापुढे तेलंगणातल्या एका विधवेचं प्रकरण आलं होतं. नवऱ्याच्या अपघाताची भरपाई मिळाल्यावर तिच्या वकिलाने टक्केवारीच्या हिशेबाने आणखी फी मागितली, तिच्याकडून धनादेश घेतला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी केली. न्यायालयाने ती फौजदारी रद्द केली आणि भरपाईच्या टक्केवारीवर फी मागणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं स्पष्ट सांगितलं.

आणि अंगठा. व्हेंटिलेटरवर असलेल्या, कशाचीच समज नसलेल्या माणसाचा अंगठा कागदावर उमटवून त्याला वकालतनामा म्हणता येत नाही. असंच मुखत्यारपत्र घेतलं तर तेही पोकळ. शुद्धीत असताना आधी दिलेलं मुखत्यारपत्रसुद्धा देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याप्रमाणे संपतं. तरीही असे अंगठे घेतले जातात. मला त्या बाकावर सही करणाऱ्या बायकांना दोष द्यावासा वाटत नाही. दवाखान्याचं बिल दर सकाळी वाढत असतं, दुकान बंद असतं, आणि ‘आत्ता काही द्यायचं नाही’ या चार शब्दांत खरोखरच श्वास घ्यायला जागा असते.

त्या बाकावर कोणीतरी सांगायला हवं होतं ते वेगळंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रियांना, मुलांना आणि अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ताई पात्र होती, दाजीही पात्र होते. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि 15100 हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. तिथल्या यादीवरचे सगळेच वकील मेंदूच्या दुखापतीतले जाणकार असतात असं मी म्हणणार नाही. पण पैसे नाहीत म्हणून तीस टक्क्यांच्या कागदावर सही करायची पाळी तरी येत नाही.

दवाखान्याच्या कागदांत एक ओळ होती. ती आम्हाला तिसऱ्या महिन्यात दिसली. दाजींना ज्या रिक्षावाल्याने आणलं त्याने घाईत सांगितलं असावं, आणि अपघात विभागातल्या डॉक्टरने इंग्रजीत लिहून घेतलं: दुचाकीवरून पडल्याने मार. टेम्पोचा उल्लेखच नाही. पोलिसांनीही त्यावरूनच पहिली नोंद केली. विमा कंपनीला याहून सोयीचं काय असणार? स्वतः घसरून पडला तर टेम्पोचा विमा कशाला लागू होईल! मी ज्या वकिलांशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनी हीच ओळ आधी शोधली. एकाने सांगितलं, ‘‘बाई, निम्म्या केसेस इथेच मरतात. पेशंट शुद्धीत असता तर ओरडून सांगितलं असतं. मेंदूच्या पेशंटला ओरडता येत नाही.’’

हेच या दुखापतीचं मूळ दुखणं आहे. पाय मोडलेला माणूस स्वतःच्या खटल्याचा पहिला साक्षीदार असतो. डोक्याला मार लागलेल्याला अपघात आठवत नाही, आठवतो तो चुकीचा आठवतो, आणि पुष्कळदा आपल्याला काही झालंय हेच त्याला मान्य नसतं. म्हणून त्याचा वकील फक्त कायदा जाणणारा असून भागत नाही. त्याला अशिलाच्या वतीने पाहावं लागतं.

आणि पाहायला वेळ कमी. मोटार वाहन कायद्याच्या 166 व्या कलमाखाली भरपाईचा अर्ज करायला 1994 नंतर मुदतच उरली नव्हती. 2019 च्या दुरुस्तीने ती परत आली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली: अपघातापासून सहा महिने. मेंदूचा रुग्ण सहा महिन्यांत कुठे असतो? दाजींचं हाड तेव्हा नुकतं परत बसवलं होतं, फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू होत्या, आणि ते ताईला कधी आई म्हणायचे, कधी नर्स. ही मुदत घटनेला धरून आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे. पोलिसांनी पाठवलेला अपघाताचा सविस्तर अहवालच न्यायाधिकरणाने अर्ज म्हणून धरावा, अशीही तरतूद आहे. नियमांप्रमाणे पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. चांगला वकील या दोन्हींच्या भरवशावर राहत नाही. तो कॅलेंडर काढतो.

आम्ही पाचव्या महिन्यात जागे झालो आणि वकील शोधायला लागलो.

पहिले आमच्या नात्यातलेच. सातबारा, वाटणी, कुळकायदा यांत मुरलेले, मनाने अत्यंत सज्जन. त्यांनी स्वतःच सांगितलं, हे माझं काम नाही. त्यांचा हा प्रामाणिकपणा आमच्या फार उपयोगाचा ठरला. आपल्याकडे सनद एकच असते. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा ज्याला सनद देते तो घटस्फोटही चालवू शकतो आणि खुनाचा खटलाही. डॉक्टरांच्या पाटीवर न्यूरोसर्जन लिहिलेलं असतं आणि त्यामागे पदवी असते. ‘अपघात दाव्यांचे तज्ज्ञ’ या शब्दांमागे अशी कुठली पदवी नाही. मग पारखायचं कसं?

एक मार्ग मला न्यायालयातल्या एका कारकुनाने दाखवला. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. कुठल्या जिल्ह्यात त्याचे कोणते दावे चालू आहेत, कोणते निकाली निघाले, हे कोणालाही पाहता येतं, आणि पुष्कळ निकाल वाचायलाही मिळतात. मी दोन रात्री बसून वाचले. कोण अर्जदाराच्या बाजूने उभं राहतं, कोण विमा कंपनीच्या, कोणाचे दावे लोकअदालतीत दोन तारखांत मिटतात, कोण डॉक्टरला साक्षीला आणतं, हे हळूहळू दिसायला लागतं. डॉक्टरला साक्षीला आणणारी नावं थोडी होती. त्यांची मी यादी केली.

दुसरे वकील याच यादीतले, जिल्ह्यात नाव असलेले. त्यांनी दाजींना चालताना पाहिलं, हात मिळवला. दाजी हसून ‘‘नमस्कार साहेब’’ म्हणाले. वकील आमच्याकडे वळले. ‘‘चालतायत, बोलतायत. देवाची कृपा आहे. उजव्या हातात थोडी कमजोरी दिसते, तिचं सर्टिफिकेट काढा, चाळीस-पंचेचाळीस टक्के येईल. लोकअदालतीत मिटवून टाकू.’’

ताई त्या दिवशी एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ‘‘देवाची कृपा आहेच गं. पण काल ह्यांनी गॅस तसाच चालू ठेवला होता.’’

तिसऱ्या एक वकील मॅडम होत्या. त्यांनी दाजींना खुर्ची दिली आणि अर्धा तास कायद्याचा शब्दही काढला नाही. सकाळी उठल्यापासून काय करता, विचारलं. आंघोळीला कोण पाणी काढतं? पैसे कोण ठेवतं? शेवटचं दुकानात कधी गेलात? दाजी म्हणाले, रोज जातो. ताईने मान हलवून नाही सांगितलं. मॅडमनी ते पाहिलं आणि लिहून घेतलं. मग विचारलं, ‘‘वायंडिंगमध्ये अवघड काय असतं हो?’’

दाजी खुलले. तार, गेज, कागद, वार्निश सगळं नीट सांगितलं. मॅडम ताईला म्हणाल्या, ‘‘आणि आता वेढे मोजता येतात?’’

आम्हा कोणालाच हा प्रश्न पाच महिन्यांत सुचला नव्हता. घरी येऊन ताईने तारेचं बंडल त्यांच्या हातात दिलं. हात सफाईने फिरत होते. सत्तावीसपर्यंत गेले, बाहेर कुत्रं भुंकलं, आणि पुन्हा एक, दोन, तीन.

कायद्याच्या भाषेत या सत्तावीसला फार अर्थ आहे. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याची ताकद किती गेली याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेलेला कारकून कदाचित नोकरीत राहील, हात गेलेला सुतार राहणार नाही. माणूस आधी काय करत होता आणि आता काय करू शकतो, हे न्यायाधिकरणाने पाहायचं. उजव्या हाताच्या कमजोरीला पंचेचाळीस टक्के मिळतात. वेढ्यांची मोजणी हरवलेल्या वायंडरला किती मिळायला हवेत?

मॅडमनी एका कागदावर हिशेब मांडून दाखवला. दाजींची कमाई महिना 25,000 रुपये धरली. ‘प्रणय सेठी’ या 2017 च्या निकालाने चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा असलेल्या माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे ठरले आहेत, आणि कायमच्या अपंगत्वातही ही वाढ धरायची, असं 2020 साली न्यायालयाने सांगितलं. म्हणजे महिना 35,000, वर्षाला 4,20,000. चौतीस वर्षांच्या माणसाला ‘सरला वर्मा’ या 2009 च्या निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक 16. गुणाकार 67,20,000. पंचेचाळीस टक्के धरले तर हातात 30,24,000. बाकी उपचार, वेदना, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वेगळा. नुसतं हाताचं सर्टिफिकेट पुढे केलं असतं तर 36,96,000 रुपयांचा फरक आम्ही आपल्या हाताने सोडून दिला असता.

सांभाळणारा माणूस हा शब्द ऐकून ताई म्हणाली होती, ‘‘माणूस कशाला, मी आहे की.’’ मॅडमनी तिला हरियाणातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. बारा वर्षांची असताना 2007 साली अपघात झाला आणि तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरली. न्यायाधिकरणाने 11,08,501 रुपये दिले, उच्च न्यायालयाने 25,78,501. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या फेब्रुवारीत ही रक्कम 62,27,000 केली. त्यातले 21,60,000 फक्त सांभाळणाऱ्यांसाठी होते. दोन माणसं, प्रत्येकी महिना 5,000, आणि गुणक 18. आई-बाप तिची सेवा प्रेमाने करत होते म्हणून न्यायालयाने ती फुकट धरली नाही. ताई हे ऐकून बराच वेळ गप्प राहिली. मला वाटतं, आपण रात्री तीनदा उठतो त्याला कोणी काम म्हणेल, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मग पुराव्याची जुळवाजुळव. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसते, पण मेंदूतल्या तंतूंची ओढाताण पुष्कळदा दिसत नाही. कपाळामागचा भाग दुखावला की माणूस चालतो-बोलतो, पण त्याचा स्वभाव, निर्णय, लक्ष बदलून जातं. हे दाखवायला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मरणशक्ती, एकाग्रता, नियोजन यांच्या चाचण्या करून घ्याव्या लागतात. बंगळुरूच्या निम्हान्सने आपल्याकडच्या लोकांसाठी तयार केलेला असा चाचणीसंच 2004 साली प्रसिद्ध झाला. शासकीय रुग्णालयातल्या अपंगत्व मंडळापुढे हे अहवाल ठेवले नाहीत, तर मंडळ समोर दिसतं तेवढंच, म्हणजे हात-पाय, मोजतं. मॅडमनी आम्हाला फाईल घेऊनच पाठवलं. दवाखान्यातल्या त्या ओळीचंही त्यांनी पाहिलं. नागठाण्याजवळचा एक ढाबेवाला टेम्पो पाहिलेला निघाला. पोलिसांकडे त्याचा पुरवणी जबाब झाला.

अर्ज ताईच्या सहीने दाखल झाला, सहा महिने पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बत्तिसाव्या आदेशाप्रमाणे स्वतःचं हित पाहू न शकणाऱ्या माणसाच्या वतीने दुसऱ्याला उभं राहता येतं. कोर्टात त्याला सगळे ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणतात. लग्नाला अकरा वर्षं झालेल्या ताईला हा शब्द फार आवडला. पण नेक्स्ट फ्रेंडलाही मनाप्रमाणे तडजोड करता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते, आणि ही अट माझ्या मते फार मोलाची आहे. कारण लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं. दुखापत अजून स्थिरावलेली नसताना, पुढच्या पाच वर्षांत फिट वाढतील की कमी होतील हे कोणालाच ठाऊक नसताना मिटवलेला दावा पुन्हा उघडता येत नाही. विमा कंपनीने सुरुवातीलाच एक आकडा सुचवला होता. दवाखान्याचं कर्ज फिटलं असतं एवढा. ताईचं मन दोनदा डळमळलं. मॅडमनी तिला नाही म्हणायला सांगितलं नाही. फक्त त्या आकड्याला महिन्यांनी भागून दाखवलं.

बँकेचं प्रकरण वेगळं. दुकानाचं खातं दाजींच्या एकट्याच्या नावावर. बँक म्हणाली, त्यांना सही जमत नसेल तर कोर्टाचा आदेश आणा. कोमात किंवा अशा अवस्थेत असलेल्या प्रौढ माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमायचा सरळ कायदा आपल्याकडे नाही. अशा वेळी लोक उच्च न्यायालयात जातात. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 साली कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं होतं, तशी आणखीही उदाहरणं आहेत. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, कारण तोवर दाजी सही करायला लागले होते. ती जुन्या सहीशी जुळावी म्हणून ताईने त्यांच्याकडून दोन वह्या गिरवून घेतल्या. ते बरोबर केलं का, हा प्रश्न तिला अजून पडतो. खात्यात 18,000 रुपये होते.

फीबद्दलही सांगायला हवं. मॅडमनी पहिल्याच भेटीत ठरावीक रक्कम सांगितली, हप्ते करून दिले, प्रत्येक हप्त्याची पावती दिली. डॉक्टरच्या साक्षीचा खर्च वेगळा होईल हेही तेव्हाच सांगितलं. ‘‘किती मिळवून द्याल?’’ या आमच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या एकांनी फोनवरच पन्नास लाखांची खात्री दिली होती.

गेल्या वर्षी दाजींना न्यायाधिकरणापुढे नेलं. दोन महिने मॅडम ताईची तयारी करून घेत होत्या, पण दाजींची केली नाही. ‘‘त्यांना पढवायचं नाही. जसे आहेत तसे दिसू देत.’’ न्यायाधीशांनी नाव विचारलं, बरोबर सांगितलं. गाव बरोबर. काम? ‘‘मोटर वायंडिंग.’’ आजही करता? ‘‘हो साहेब, रोज. दहा-बारा मोटरी होतात.’’

विमा कंपनीच्या वकिलांनी ते वाक्य लिहून घेतलं. ताईने डोळे मिटले. मॅडम उठल्या आणि दुकानाचं वीजबिल पुढे ठेवलं. एप्रिल 2023 पासून वीज तोडलेली होती. मग दाजींच्या हाताखाली शिकलेल्या पोराची साक्ष झाली, आणि ताईची वही दाखल झाली.

ही वही मॅडमनीच पहिल्या भेटीत ठेवायला सांगितली होती. दोनशे पानी, साधी. रोज तारीख आणि दोन ओळी, जे घडलं तेवढंच. रडगाणं नको, विशेषणं नकोत. ताई सातवीनंतर काही लिहीत नव्हती. तिच्या पहिल्या पानांवर ‘चहात मीठ घातले’, ‘नळ चालू, दोन तास’, ‘पोरीला ओळखले नाही, मग ओळखले’, ‘पाव आणायला गेले, पोवई नाक्यावर सापडले’ एवढंच आहे. न्यायाधीशांनी ती पानं सावकाश उलटली. कोर्टात पंख्याचा आवाज येत होता. दाजी त्या पंख्याकडे बघत होते. ‘‘बेअरिंग गेलंय,’’ ते मला म्हणाले. मी वर पाहिलं. खरंच खडखडत होता.

न्यूरोसर्जनची साक्ष अजून व्हायची आहे. अशा डॉक्टरांना ताटकळत ठेवू नये, नेमकी वेळ द्यावी किंवा आयोग नेमून साक्ष घ्यावी, असं ‘राजकुमार’च्या निकालातच लिहिलेलं आहे. मॅडमनी तसा अर्ज दिला आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. ताईची तिसरी वही चालू आहे. वसुबारसेला गेले होते तेव्हा ती स्वयंपाकघरात उकळत्या तेलापाशी उभी राहून एका हाताने लिहीत होती. मी डोकावले. ‘आज 31 पर्यंत मोजले,’ एवढं लिहून तिने पेन कानामागे खोचलं आणि चकली उलटली.